एक नोंद, अनेक ग्रंथालये

कल्याणात १८६४ साली सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ग्रंथ ही समाजाची सामाईक ठेव आहे, हा जो विचार या संस्थांनी रुजवला, तोच आता संगणकीय आज्ञावलींनाही लागू व्हायला हवा. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. न्यूझीलंडमधील ग्रंथालयासाठी घडवलेली आणि २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही अशीच आज्ञावली. तिच्यात एका ग्रंथालयाने केलेली नोंद, म्हणजे लेखक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष, विषयक्रमांक, दुसऱ्या ग्रंथालयाला ठरावीक नमुन्यात जशीच्या तशी उतरवून घेता येते, त्यामुळे डोंबिवलीतल्या ग्रंथपालाला तेच पुस्तक हाती धरून तेच तपशील पुन्हा टंकित करावे लागत नाहीत. परवानाशुल्क नसले तरी सर्व्हर आणि देखभालीचा खर्च उरतोच व तो एकट्यादुकट्या वाचनालयाला जड जातो. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी मिळून एकच यंत्रणा उभारावी, हे अगत्याचे आहे. प्रशिक्षणाची सोय तर आहेच: मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्स, लिब्रेऑफिस अशा मुक्तस्रोत आज्ञावलींचे मराठी धडे विनामूल्य मिळतात आणि वाचनालयांतील संगणकांवर ते विद्यार्थ्यांसाठी आजही खुले करता येतील.