आधी मैदान, मग सोडत

राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतर अठरा वर्षांनी आलेल्या या धोरणाचे ब्रीद ‘माझे घर, माझा अधिकार’ आणि उद्दिष्ट 2030 पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरांचे. कामगाराला कारखान्यापर्यंत चालत जाता येईल इतक्या जवळ घर मिळावे, हा विचारही त्यात आहे. नवी मुंबईतल्या रबाळ्यात तो कोणालाही पटेल. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचे कारखाने, त्यांच्या कडेने डोंगराच्या दिशेने सरकत गेलेल्या आंबेडकरनगर, भीमनगर, कातकरीपाडा अशा वस्त्या, रस्त्याच्या पश्चिमेला आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण आणि दोन्ही अंगांना सिडकोने वसवलेले ऐरोली व घणसोली हे नोड, असा हा परिसर आहे. कारखान्याजवळ राहण्याची सोय इथल्या कुटुंबांनी कोणत्याही धोरणाची वाट न पाहता झोपडी बांधून स्वतःच करून घेतली. त्यांना हक्काचे पक्के घर मिळायला हवे, याबद्दल दुमत असू नये. पण त्या घरातली मुले खेळणार कुठे, याचे उत्तर घराचा आराखडा मंजूर होण्याआधीच मिळायला हवे. आज ते इमारत उभी राहिल्यावर शोधले जाते आणि तोवर उत्तर देण्याजोगी जागाच उरलेली नसते.

मैदान ही घर झाल्यानंतर सवडीने द्यायची सोय आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. ही समजूतच मुळात चुकीची आहे. सिडकोने 2018 मध्ये 14,838 घरांची सोडत काढली, त्यात घणसोलीही होते. त्या योजनेतील दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र होते 25.81 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 278 चौरस फूट. त्यात स्वयंपाकाचा ओटा, मोरी, संडास, एक कपाट आणि आजी-आजोबांची खाट बसवली की उरलेल्या फरशीवर दुपारी मुलांचा अभ्यास होतो आणि रात्री अंथरुणे पडतात. दहा वर्षांच्या मुलाला तिथे धावता येणार नाही, चेंडू टाकता येणार नाही, मोठ्याने ओरडताही येणार नाही, कारण भिंतीपलीकडे कोणी तरी रात्रपाळी करून झोपलेले असते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन खोल्यांच्या घरातील मुलाला ही 60 मिनिटे गृहसंकुलाच्या आवारात मिळतात. छोट्या घरातील मुलाला ती सार्वजनिक मैदानाशिवाय कुठेही मिळत नाहीत. त्यामुळे घर जितके लहान, तितकी बाहेरच्या मोकळ्या जागेची गरज मोठी. परवडणाऱ्या घराच्या हिशेबात मैदान धरले नाही, तर त्या कुटुंबाला अर्धेच घर दिल्यासारखे होते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप जमिनीचा आहे. जमीन तुटपुंजी, घराची रांग लांब. एकेक मैदान राखले तर त्या जागेत बसू शकणारी कुटुंबे बेघर राहतील, असे म्हटले जाते. आक्षेप प्रामाणिक आहे आणि मैदानाचा आग्रह धरणाऱ्यांनी दिघ्याचा विसर पडू देऊ नये. परवडणारे अधिकृत घर न मिळाल्याने माणसे काय करतात, ते रबाळ्याजवळच्या या दिघ्यात दिसले. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या 99 बेकायदा इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये कारवाईचे आदेश दिले, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. घरांची टंचाई खरी आहे. पण मैदानांची जमीन गेली ती गरिबांच्या घरांसाठीच गेली, असे नेहमी घडलेले नाही. घणसोलीचेच प्रकरण पाहावे. तिथे शासकीय क्रीडा संकुलासाठी सुमारे 20 एकर जागा राखली होती. पुढे तिचा भाग निवासी व व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकाला दिला गेला आणि क्रीडा संकुल रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे हलवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. घणसोलीपासून हे गाव सुमारे 115 किलोमीटरवर आहे. रबाळ्याच्या किंवा घणसोलीच्या शाळकरी मुलीने संध्याकाळच्या सरावासाठी तिथे कसे जायचे, याचा विचार त्या निर्णयात कुठेही दिसत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या नवी मुंबई केंद्राने जनहित याचिका केली, उच्च न्यायालयाने 2024 मध्ये हा निर्णय रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. शहरात उरलेल्या हिरव्या जागा बांधकामाला देण्याच्या प्रवृत्तीवर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने कडक नाराजी व्यक्त केली. वास्तुविशारदांची संस्था न्यायालयात गेली म्हणून हे मैदान वाचले. ज्या वस्तीत वकील लावण्याची ऐपत नाही, तिथले मैदान कोण वाचवणार?

सिडकोची बाजूही समजून घ्यायला हवी. मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने रस्ते, रेल्वे स्थानके, पाणीपुरवठा, मलनिस्सारण हे सारे भूखंड विकून उभ्या केलेल्या पैशातून केले. जमीन हेच नव्या शहराचे भांडवल, ही कल्पना मुळापासून होती आणि तिच्यामुळेच नवी मुंबई उभी राहिली. मात्र भांडवल म्हणून वापरायची जमीन आणि शहराच्या श्वासासाठी राखायची जमीन यांत भेद राहिला नाही, की प्रत्येक मोकळा भूखंड निविदेच्या रकमेने मोजला जातो. त्या मोजमापात मैदान नेहमीच हरणार. शिवाय या विक्रीतून घरे तरी स्वस्त झाली का? सिडकोच्या अलीकडच्या योजनेत वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळील अल्प उत्पन्न गटातील घराची जाहीर झालेली किंमत 74.1 लाख रुपये होती. रबाळ्याच्या एमआयडीसीतील कंत्राटी कामगाराला ती आयुष्यभर झेपणारी नाही. रेल्वे स्थानकांसमोरच्या मोकळ्या जागांवर मोठमोठ्या गृहयोजना आखल्या गेल्या, तेव्हा खांदेश्वर-कामोठे भागातील रहिवाशांनी विरोध केला. गरिबांची घरे नकोत म्हणून हा विरोध आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. काहींच्या मनात तसे असेलही. तरी ज्या नोडमध्ये आधीच जागा अपुरी आहे, तिथे आणखी हजारो कुटुंबे आणताना त्यांच्या मुलांसाठी काय राखले, हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. तो प्रश्न त्या नव्या कुटुंबांच्या वतीनेही विचारायला हवा.

कमी जागेत घर आणि अंगण दोन्ही बसतात, याचा दाखला शोधायला सिंगापूरला जाण्याची गरज नाही. तिथली बहुसंख्य जनता सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहते आणि त्या वसाहती खेळाच्या जागांसह आखल्या जातात, हे खरे. पण त्याहून जवळचे उदाहरण नवी मुंबईतच आहे. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठीच बेलापूरला एक वसाहत आखली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखतात. साधारण साडेपाच हेक्टरांत सुमारे 550 कुटुंबे, 45 ते 75 चौरस मीटरचे भूखंड आणि सात-सात घरांच्या मध्ये साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असे सामाईक अंगण. अशी तीन अंगणे मिळून त्याहून मोठी मोकळी जागा आणि पुढे साऱ्या वसाहतीची. लहान मूल उंबऱ्यापाशी आईच्या नजरेत, थोडे मोठे अंगणात, त्याहून मोठे मैदानात, हा क्रम नकाशातच आखलेला. पुढे रहिवाशांनी घरे वाढवली, कित्येक घरे पाडून मजले चढवले. आजच्या गरजेला ही बैठी घरे पुरणार नाहीत, हेही मान्य. उंच इमारतींना पर्याय नाही. पण कोरियांच्या त्या आखणीतला क्रम उंच इमारतीतही पाळता येतो: तळमजल्यावर गाड्यांऐवजी मुलांसाठी मोकळी जागा, दोन-तीन इमारतींत एक पटांगण आणि दहा मिनिटांच्या चालीवर कबड्डी-क्रिकेट खेळता येईल असे मैदान.

पार्किंगच्या मजल्यांवरील पोडियमवर बाग केली की झाले, असे विकासक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मुंबईच्या कोहिनूर प्रकरणात स्पष्ट केले की नियमाने सोडायची किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच असायला हवी. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 4,000 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या आराखड्यात दहा टक्के जागा मोकळी सोडण्याची अट आहे. पण अशी जागा कुंपणाच्या आत असते. शेजारच्या वस्तीतल्या मुलाला तिथे रखवालदार येऊ देत नाही. कुंपणातल्या बागेने सार्वजनिक मैदानाची उणीव भरून निघत नाही.

या साऱ्यात गावठाणाचा हक्क सर्वांत आधी विसरला जातो. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर वसली आणि त्या जमिनीसाठी जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना. प्रकल्पग्रस्ताच्या हाती पडते ते मात्र पावणेनऊ टक्के, कारण पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी आधीच कापून घेतले जातात. म्हणजे शाळेची, दवाखान्याची, मैदानाची किंमत गावकऱ्याने जमिनीच्या रूपात पूर्वीच चुकती केली आहे. त्या गावाला लागून असलेली सुविधेची जागा नंतर विकली गेली, तर तो केवळ नियोजनातला बदल राहत नाही, ती गावाशी केलेल्या व्यवहाराची मोडतोड ठरते. कुटुंबे वाढली तशी गावठाणाभोवती गरजेपोटी घरे उभी राहिली आणि त्यांना नियमित करण्याचा निर्णय शासनाने फेब्रुवारी 2022 मध्ये घेतला. घरे नियमित होतील. पण त्या दाटीत होळीची, जत्रेची, लग्नाच्या मांडवाची आणि मुलांच्या खेळाची जागा उरलीच नाही, तर गाव नावापुरतेच शिल्लक राहील.

मैदान राखले तरी त्यावर अतिक्रमण होते, गाड्या उभ्या राहतात, वर्षातले निम्मे दिवस मंडप असतो, हा आक्षेप अनुभवाचा आहे. त्याचे कारण मात्र जबाबदारी विखुरलेली असण्यात आहे. रबाळ्यात नोडची जमीन सिडकोची, औद्योगिक पट्ट्याची एमआयडीसीची आणि नागरी सेवा 1992 पासून महापालिकेच्या. एमआयडीसीच्या जमिनीवरील वस्तीतल्या मुलांसाठी मैदान कोणी द्यायचे, असे विचारले तर तिन्ही संस्थांकडे दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची कायदेशीर सोय आहे. वस्ती मुळात अतिक्रमित, तिला मैदान कशाला, असेही ऐकू येते. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपड्यांना शासनाने कायद्यानेच संरक्षण दिले आहे आणि त्यानंतर 2011 पर्यंतच्या झोपडीधारकांनाही सशुल्क पुनर्वसनाची वाट खुली केली आहे. ज्याचे घर मान्य केले, त्याच्या मुलाचा खेळ अमान्य कसा करणार? खेळण्याचा हक्क मानणाऱ्या 1989 च्या बालहक्क संहितेला भारताने 1992 मध्येच मान्यता दिली आहे.

म्हणून शासनाकडे मागणी नेमकी आहे. तिन्ही संस्थांच्या ताब्यातील मोकळ्या भूखंडांची रबाळे-घणसोली-ऐरोली पट्ट्यापुरती एकच यादी प्रसिद्ध करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत त्यातला एकही भूखंड निविदेवर काढू नये. कोणत्याही परवडणाऱ्या गृहयोजनेची सोडत काढण्यापूर्वी तिच्या मैदानाचा भूखंड महापालिकेच्या नावे करावा आणि मैदान खुले झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. झोपडपट्टी पुनर्वसनालाही हीच अट लागू असावी. देखभालीसाठी गावठाण, वसाहत आणि वस्ती या तिघांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमून मंडपाच्या दिवसांना मर्यादा घालण्याचा अधिकार तिला द्यावा. आणि न्यायालयाने राखून ठेवलेल्या घणसोलीच्या जागेवर क्रीडा संकुलाचे काम कधी सुरू होणार, त्यासाठी किती निधी ठेवला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या मुलांना तिथे सुरक्षितपणे पोहोचता यावे म्हणून रस्ता ओलांडण्याची काय सोय केली, हे नगरविकास व क्रीडा विभागांनी मिळून तारखेसह जाहीर करावे.