गाठ विचारू नका, तपासा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, अमरावती आणि अकोला



आशाताई घरोघरी जाऊन सीबॅकचा, म्हणजे आजारांचा धोका विचारणारा, अर्ज भरतात. त्यात एक प्रश्न असतो: स्तनात गाठ आहे का? ओट्यावर सासू बसलेली, दारात दीर उभा. बाई मान खाली घालून ‘नाही’ म्हणते, रकान्यात खूण होते. तपासणी झालेलीच नसते. तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी व्हावी असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीही स्तनतपासणी झालेली आढळली नाही.

मॅमोग्राफीचं यंत्र नाही, ही सबब पुरेशी नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, नुसत्या हाताने तपासणी केली. स्तनाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायांमधले त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यू तसे घटले नाहीत, हेही सांगायला हवं. पण लवकर सापडलेल्या गाठीत बरेचदा स्तन वाचवता येतो, हे काय कमी आहे?

आपल्या बाया म्हणतात, “दुखत नाही न बाप्पा, मंग काहून दाखवू?” तिथेच घात होतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बोंडी आत ओढली जाणं, तिच्यातून रक्त येणं, काखेत गाठ लागणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणं, ही लक्षणं संत्र्याच्या बागांतल्या वरुड-मोर्शीच्या बाईला एकदा सांगितली की ती विसरणार नाही.

म्हणून मागणं एवढंच. प्रत्येक उपकेंद्रात दार लावता येईल अशी खोली, शिकवून तयार केलेली आरोग्यसेविका आणि ठरलेला दिवस द्या. कापूस वेचाईच्या दिवसांत मजुरी बुडवून कुणी येणार नाही. तपासणी त्याआधी किंवा बाजाराच्या दिवशी ठेवा. गाठ लागली तर नुसती चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयातली तारीख हातात द्या, सोबत आशाताई पाठवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद तिथेच करून घ्या.

यंदाची वेचाई सुरू होण्याआधी दोन्ही जिल्ह्यांतल्या उपकेंद्रांच्या दारावर तपासणीच्या तारखा लागाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
वऱ्हाडातील एक रहिवासी