विमा सखी व्हायचंय?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटातल्या मुली हल्ली एकच विचारतात, "काकू, विमा सखी व्हावं का?" एलआयसीची ही योजना 9 डिसेंबर 2024 ला पानिपतमध्ये सुरू झाली. दहावी पास, वय 18 ते 70. पहिल्या वर्षी महिन्याला 7 हजार, दुसऱ्या वर्षी 6, तिसऱ्या वर्षी 5 हजार विद्यावेतन, कमिशन वेगळं. लाखांदूर-पवनीकडच्या मुलीला गाव न सोडता एवढं मिळत असेल, तर नाही कशाला म्हणायचं!

पण ही नोकरी नव्हे बरं का, एजन्सी आहे. तीन वर्षांनी विद्यावेतन बंद. शिवाय दुसऱ्या वर्षीचे पैसे हवेत, तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान 65 टक्के चालू असाव्या लागतात. म्हणून मामी-मावशीच्या गळ्यात पॉलिसी मारू नका. आपल्याकडे हातात पैसा येतो तो धान विकल्यावर. महिन्याचा हप्ता रोवणीच्या दिवसांतच थकतो. चुकारे आल्यावरच पॉलिसी काढायला सांगा, म्हणजे वर्षाचा हप्ताही दरवर्षी त्याच सुमारास येईल.

आणि हो, पदवीधर सखीचा पुढे विकास अधिकारी पदासाठी विचार होऊ शकतो. तेव्हा बीए अर्धवट सोडू नका.