70.9 मोठं की 70.262?



मोबाईल हातात आहेच, पण कॅल्क्युलेटर उघडू नका. 70.9 आणि 70.262 यांतली मोठी संख्या कुठली? तुमचं उत्तर मनात ठेवा. आता घरात पाचवी ते आठवीतलं कुणी असेल तर त्याला हाच प्रश्न विचारा. उत्तर आलं की लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नका. 'कसं काढलंस?' एवढंच विचारा. जुलैपासून माझी नोकरी या एका प्रश्नावर चालली आहे.

मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. घर दुर्गाघाटावर, शाळा चालत वीस मिनिटांवर. घरी मराठी, गल्लीत बनारसी, वर्गात हिंदी आणि पुस्तकातल्या खुणा इंग्रजी. सकाळची प्रार्थना, हजेरी, वह्यांचे गठ्ठे, "मैम, पानी पीने जाएँ?" हे सगळ्या शाळांत सारखंच असतं, त्याबद्दल काय लिहायचं? लिहायचं आहे ते चुकलेल्या उत्तरांबद्दल. नव्या शिक्षिकेला ती रोज ढिगानं मिळतात, आणि मला त्यांची गोडी लागली आहे.

वरचे आकडे मी मनानं घेतलेले नाहीत, निदान एक तरी नाही. वाराणसीत गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर आहे आणि धोक्याची पातळी 71.262 मीटर. पावसाळ्यात इथल्या घराघरात हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात. पाणी चढायला लागलं की आधी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाणं बंद होतं, मग आरती गच्चीवर जाते. तेव्हा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं: आज पाणी 70.9 वर असेल, तर इशारा पातळी ओलांडली की नाही?

अर्ध्याहून जास्त मुलं म्हणाली, नाही ओलांडली. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: "दोन सौ बासठ तो नौ से बड़ा है ना!"

बघा, यात मूर्खपणा कुठे आहे? पूर्ण संख्यांत जास्त अंक असलेली संख्या मोठी असते, हे आपणच त्यांना चार-पाच वर्षं शिकवलेलं असतं. शिवाय आपण वाचतोही तसंच, 'सत्तर दशमलव दो सौ बासठ'. खरं म्हणजे 'दोन, सहा, दोन' असं सुटं वाचायला हवं. आणि दशांश चिन्ह मुलांना भेटतं कुठे? एक पैशांत. 70.50 रुपये म्हणजे सत्तर रुपये पन्नास पैसे. तिथे चिन्हापुढे नेहमी दोनच अंक, त्यामुळे हा गैरसमज कधी उघडाच पडत नाही. दुसरं म्हणजे क्रिकेट. 18.5 षटकांनंतर एक चेंडू टाकला की 19 होतात. एका मुलानं मला अगदी शांतपणे सांगितलं की 70.5 नंतर थेट 71 येतं. टीव्हीवर रोज तसंच दिसतं, तर त्यानं काय वेगळं समजावं?

पण मला जास्त विचारात पाडलं ते बरोबर उत्तर देणाऱ्यांनी. 'पाणी इशारा पातळीच्या वर गेलं' असं म्हणणाऱ्या एका मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "हजारांश म्हणजे फार बारीक तुकडे, दशांश म्हणजे मोठे तुकडे, म्हणून 70.9 मोठं." ऐकायला किती छान! मी लगेच 70.9 आणि 70.95 लिहून दिलं. ती म्हणाली, 70.9 मोठं. म्हणजे चिन्हापुढे जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असा तिचा नियम होता. पहिल्या गणितात तो योगायोगानं लागू पडला. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते, आणि तो नियम तिच्यासोबत दहावीपर्यंत गेला असता.

मग शाळेची लाकडी मीटरपट्टी काढली आणि भिंतीवर खडूनं एक मीटरची उभी रेघ मारली. खाली 70, वर 71. दहा सारखे भाग केले. नऊ दशांश म्हणजे 90 सेंटीमीटर, मुलांच्या छातीपर्यंत. आणि 0.262 म्हणजे 26 सेंटीमीटर 2 मिलिमीटर, गुडघ्याच्याही खाली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. 0.95 ची खूण 0.9 च्या वर पाच सेंटीमीटरवर पडली, तेव्हा त्या मुलीनं स्वतःच "अरे!" म्हटलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मैम, तो गंगाजी सत्तर मीटर गहरी हैं?" हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो, म्हणून सांगते. हे आकडे नदीच्या खोलीचे नाहीत, समुद्रसपाटीपासून पाण्याच्या उंचीचे आहेत. केंद्रीय जल आयोगाचं मोजमाप राजघाटला होतं. 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत गेलं होतं, तो इथला उच्चांक. धोक्याच्या पातळीच्या वर किती, ते मुलांनी वजाबाकी करून काढलं: 2.639 मीटर. मग तेवढी उंची भिंतीवर शोधायला गेले, तर खडू पोचेना.

वर्गातली काही मुलं वरुणेच्या काठच्या वस्तीतून येतात. गंगा फुगली की वरुणेचं पाणी उलटं फिरतं आणि त्या सखल वस्त्यांत शिरतं. तिथे विणकरांची घरं आहेत. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हणजे पाणी आलं की पहिलं तिथेच. अशा घरातल्या एका मुलीनं पेपरातली बातमी वाचून विचारलं, "पाणी इशारा पातळीला आलंय, ताशी दोन सेंटीमीटर वाढतंय, तर धोक्याच्या पातळीला कधी पोचेल? अब्बूंना सांगायचंय." दोन्ही पातळ्यांत बरोबर एक मीटर अंतर, म्हणजे 100 सेंटीमीटर, भागिले दोन, 50 तास. तिनं ते तोंडी केलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. पहिल्या वीस तासांनंतर वेग निम्मा, ताशी एक सेंटीमीटर झाला होता. मग आता? वीस तासांत 40 सेंटीमीटर झाले, उरले 60, त्यांना 60 तास, एकूण 80. "मग कालचं उत्तर चुकलं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कालच्या वेगाला ते बरोबरच होतं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सामान तरीही आजच वर नेऊ, वेगाचा काय भरवसा." पाठ्यपुस्तकातल्या गाड्या आणि नळ कधी वेग बदलत नाहीत, हे तिनं माझ्या आधी हेरलं होतं!

ऋण संख्यांचंही असंच आहे. सहावीचं एनसीईआरटीचं नवं पुस्तक 'गणित प्रकाश' 2024 मध्ये आलं. त्यात शून्याच्या अलीकडच्या संख्या एका इमारतीच्या लिफ्टवरून समजावल्या आहेत, तळमजला शून्य, खालचे मजले ऋण. कल्पना उत्तम आहे, पण आमच्या गल्ल्यांतल्या मुलांचा लिफ्टशी संबंध कितीसा? पायऱ्या मात्र हव्या तितक्या. आज पाणी जिथे टेकलंय ती पायरी शून्य, वरच्या धन, पाण्याखालच्या ऋण. उणे सात मोठं की उणे तीन? बहुतेकांचं उत्तर, उणे सात. कारण? "जास्त पायऱ्या खाली उतरायला लागतं." म्हणजे ते अंतर मोजत होते, आणि अंतर बरोबरच मोजत होते. वर कोण आहे हा प्रश्न वेगळा आहे, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मग एका नावाड्याच्या मुलानं वर्गाला गोंधळात टाकलं: "उद्या पाणी तीन पायऱ्या चढलं तर आजची धन चार उद्या धन एक होईल. पायरी तर तिथेच आहे!" शून्य कुठे ठेवायचं हे आपण ठरवतो, हे वाक्य मी पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवलं होतं.

आकड्यांच्या नावांचा मात्र वैताग आहे. मराठी घरात 'एकोणऐंशी', हिंदीत 'उन्यासी', आणि त्याच्याच शेजारी 69 ला 'उनहत्तर', 89 ला 'नवासी'. मुलं सरळ 'सेव्हंटी नाइन' म्हणून मोकळी होतात. तुम्हाला आठवत असेल, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' अशी रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विनोद पोचले. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. भाषेवर प्रेम करणाऱ्यांची हळहळ मला कळते, मलाही 'सत्तावीस'च आवडतं. पण ज्यांनी विनोद केले त्यांनी कधी सहा-सात वर्षांच्या मुलाला 'सत्तावीस' ऐकून 72 लिहिताना पाहिलंय का? आपण आधी सात म्हणतो आणि लिहितो मात्र आधी दोन. त्या मुलाचंही काहीतरी म्हणणं आहेच की.

नारळीकरांचं नाव निघालं म्हणून सांगते, मराठी माणसानं काशीत येऊन गणित शिकवणं ही इथली जुनी परंपरा आहे. 1842 साली बनारसच्या संस्कृत कॉलेजात, म्हणजे आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयात, विशीतला एक नवा शिक्षक रुजू झाला, बापूदेव शास्त्री. शिक्षण नागपूरच्या मराठी शाळेत. तिथेच ढुंढिराज मिश्रांकडे 'लीलावती' शिकले. लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांची बुद्धी पाहून त्यांना सीहोरच्या पाठशाळेत नेलं, तिथे युरोपातल्या गणिताशी ओळख झाली. पुढे काशीत त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं शिकवलं, 'सूर्यसिद्धान्ता'चं इंग्रजी भाषांतर केलं आणि बीजगणिताचं पुस्तक हिंदीत लिहिलं. मातृभाषा मराठी, कॉलेज संस्कृत, गणित युरोपचं, पुस्तक हिंदी! माझ्या वर्गातल्या भाषांच्या खिचडीची तक्रार करावीशी वाटली की मला हे आठवतं आणि मी गप्प बसते.

त्यानंतर 1932 साली विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवायला आले, तेही विशीतच. त्यांच्या घरी फळा होता. जयंत नारळीकर शाळेत असताना त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या घरी राहायचे. ते फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, तिथेच राहू देत. लगेच उत्तर सांगायचं नाही, 'अजून झालं नाही का' म्हणून टोकायचंही नाही. हे मामा मला फार आवडतात. घरात फळ्याला जागा नसेल तर फ्रिजच्या दारावर चुंबकानं एक कागद लावा, तेवढं पुरतं. माझ्या सासूबाईंनी तो प्रयोग आमच्याकडे सुरू केला आहे. परवा त्यांनी पुतण्यासाठी लिहिलं होतं: अडीच पाव भेंडी, पाव किलो वीस रुपयांना, तर किती? पुतण्या म्हणाला 40 आणि 10, 50. वहीत 2.5 गुणिले 20 दिलं की हाच मुलगा 500 लिहितो, कारण 'चिन्ह शेवटी द्यायचं असतं ते राहिलं.' भाजीच्या गाड्यावर तो कधी 500 देऊन येईल का?

म्हणून आता वहीत उत्तर चुकलं की मी लाल फुली मारत नाही. शेजारी एक छोटं प्रश्नचिन्ह काढते आणि मुलानं दोन ओळीत 'मी असं केलं' ते लिहायचं. सुरुवातीला पालक विचारत, "मैम, कॉपी चेक नहीं करतीं क्या?" वेळ खूप जातो, हे खरं. चाळीसेक वह्या, आणि प्रत्येकीत एक गोष्ट. पण एकदा वाचायला बसलं की जेवणाची हाक दोनदा ऐकू येत नाही.

पुढच्या वेळी अपूर्णांक. तयारी म्हणून घरातल्या आजी-आजोबांना एक विचारा. त्यांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ असायच्या, आणि साडेतीनची औटकीसुद्धा. इकडे बनारसमध्ये साडेतीनला 'हूँठा' म्हणतात. औट आणि हूँठा, दोन्ही एकाच जुन्या शब्दाची नातवंडं. तर सात औट किती? उत्तर साडेचोवीस यायला हवं. आजोबांनी पाठ म्हणून दाखवलं, की सातला तीननं गुणून वर निम्मे सात मिळवले, की आणखी काही केलं, ते मला कळवा. आमच्या शेजारच्या अण्णांनी चौदाचे निम्मे सात घेतले, एकवीसमध्ये साडेतीन घातले आणि मध्येच 'थांब, चहा येऊ दे' म्हणाले. चौदा कुठून आले, ते मी अजून शोधते आहे.