रुग्णालयनिहाय हिशेब जाहीर करा!

महापालिकेचे रुग्णालय किती खर्चात चालते, हे ज्यांच्या करावर ते चालते त्यांनाच कळू नये, अशी सोय प्रचलित हिशेबात आहे. कायदा ताळेबंद मागतो तो अख्ख्या महापालिकेचा. त्यामुळे ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांची देणी रस्ते-गटारांच्या आकड्यांत मिसळून जातात.

खरी मेख रोख पद्धतीत आहे. तीत पैसे हातातून जातात तेव्हाच खर्च नोंदला जातो. उलट उपार्जित पद्धतीत माल आला किंवा सेवा घेतली की देणे लगेच वहीत चढते. फेब्रुवारीत सलाइनच्या बाटल्या वॉर्डात आल्या, रुग्णांना चढल्या आणि बिल जूनमध्ये निघाले, तर रोख हिशेबात 31 मार्चअखेर रुग्णालय काटकसरी ठरते. बिल थकलेला पुरवठादार मात्र पुढचा माल अडवतो आणि नातेवाइकाच्या हातात बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते. त्या चिठ्ठीपायी झालेला खर्च तर कोणत्याच वहीत नसतो. राष्ट्रीय नगरपालिका लेखा पुस्तिकेने 2004 मध्येच उपार्जित पद्धत सांगितली. पण ती रुग्णालयाच्या औषधभांडारापर्यंत उतरली नाही, तर रुग्णाच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील दाव्यांचेही तेच : पाठवलेले, नामंजूर झालेले आणि येणे असलेले दावे वेगळे दाखवल्याशिवाय रुग्णालयाचे उत्पन्न ठरत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या याच रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा खर्चाचा जाब विचारायला ठाण्यात लोकनियुक्त स्थायी समितीच नव्हती. ठाण्यात मार्च 2022 पासून आणि कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकीय राजवट होती, म्हणजे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. आता सभागृह आहे, तेव्हा जाब विचारणारे कोणी नाही ही सबबही उरलेली नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील कलम 4 नुसार अर्थसंकल्पीय तरतूद आणि प्रत्यक्ष वितरण ही माहिती कोणी अर्ज न करताच प्रसिद्ध करावयाची असते. त्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी प्रत्येक रुग्णालयाची तरतूद, झालेला खर्च, थकीत बिले, येणे असलेले दावे आणि बंद पडलेली यंत्रे यांचा तिमाही तक्ता मराठीत काढून केस पेपरच्या खिडकीशेजारी लावावा, आणि त्यावर मुख्य लेखापरीक्षकांची सही असावी.