उन्हाळ्याची बिअर आणि आपला ताड

उन्हाळ्यासाठी घरच्या घरी कोणत्या प्रकारची बिअर करावी, हा प्रश्न हल्ली आपल्या तरुण मंडळींच्या बैठकीत वरचेवर निघतो. आखातातून वा कॅनडातून रजेवर आलेला एखादा आप्त तिकडच्या घरगुती बिअरच्या गोष्टी सांगतो आणि मग जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर बरी, चेक पिल्सनर बरी की बेल्जियमची सैझाँ, यावर वाद झडतात. वाद होतो नंदाखालच्या वाडीत, केळीच्या सावलीत; पण त्यात नंदाखालचे काहीच नसते. या विसंगतीविषयी आम्हाला चार शब्द स्पष्टपणे बोलायचे आहेत.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. मद्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी आम्ही नाही. काना गावच्या लग्नात यजमानाची लाज राखणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. बेल्जियममधील ट्रॅपिस्ट मठवासी आजही बिअर गाळतात व तिच्या उत्पन्नावर आपला मठ आणि दानधर्म चालवतात. रोमन विधिग्रंथात तर बिअरवर आशीर्वाद मागण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे. तेव्हा आमचा आक्षेप पेयाला नाही. तो आहे निवड करण्याच्या पद्धतीला, आणि त्या निवडीतून डोकावणाऱ्या आत्मविस्मृतीला.

आधी या मंडळींच्याच कसोटीवर विचार करू. पिल्सनर ही लागर वर्गातील बिअर. तिचे यीस्ट सुमारे ८ ते १२ अंश सेल्सियसवर संथपणे काम करते आणि पुढे कित्येक आठवडे तिला थंडाव्यात मुरावे लागते. वसईच्या मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि रात्रीही पंचविशीखाली सहसा उतरत नाही. म्हणजे पिल्सनर करायची तर एक शीतकपाट महिना-दीड महिना तिच्यासाठी अडवून ठेवावे लागेल. गव्हाची बिअर विशीच्या आसपासच्या उष्णतेत होते. तीही इथे यंत्राच्या आधाराशिवाय कठीणच. राहता राहिली सैझाँ. तिची काही यीस्टे तिशीच्या घरातील उष्णता सोसतात. चव कोरडी, किंचित आंबूस, तहान भागवणारी. केवळ तांत्रिक उत्तर हवे असेल तर ते हेच: आमच्या हवेत सैझाँ करावी.

परंतु ही सैझाँ मुळात आहे तरी काय? बेल्जियमच्या एनो प्रांतातील शेतकरी थंडीत, कामे कमी असताना, स्वतःच्या शेतातील धान्यापासून हलकी बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या मजुरांची तहान तिने भागवत, असे तिच्या जन्माविषयी सांगितले जाते. आपल्या मातीत जे पिकते, आपल्या हवेत जे आंबते आणि आपल्या कष्टकऱ्याला जे मानवते, त्याचे ते पेय होते. आता हा न्याय नंदाखालला लावून पाहा. इथे हॉप्सची वेल होत नाही. जव राजस्थान-उत्तर प्रदेशातून येणार, हॉप्स व यीस्ट परदेशातून. वाडीचे त्यात फक्त विहिरीचे पाणी. सैझाँची बाटली भरली जाईल, पण सैझाँचे तत्त्व बाहेरच राहील.

त्या तत्त्वाने जाणारे पेय आपल्या बांधावर उभे आहे. माडाची पोय किंवा ताडाचा तुरा कापून त्याखाली मडके बांधले की झाड स्वतःच रस देते. त्यात दहा टक्क्यांहून अधिक साखर असते. हवेतील व मडक्यातील यीस्ट लगेच कामाला लागते. धान्य भिजवणे नाही, उकळणे नाही, थंड करणे नाही. सकाळी उतरलेला गोड रस संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्के मद्यार्काचा, म्हणजे साधारण बिअरइतकाच, होतो. आणखी ठेवला तर दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागतो. मडक्याला आतून चुना लावून सूर्योदयापूर्वी रस उतरवला तर तीच नीरा: गोड, मादकतारहित, लहान मुलांनीही प्यावी अशी. ज्या उष्णतेपायी पिल्सनरवाला हैराण होतो, तीच उष्णता इथे कामाला येते. यापेक्षा उन्हाळ्याला अनुरूप पेय आमच्या तरी माहितीत नाही.

मग आपण याकडे पाठ का फिरवली? एक कारण कायद्याचे आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडागणिक कर आकारला. १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. परक्या सरकारची नजर तिजोरीवर होती. घराघरांत, झाडाझाडांवर होणारे पेय मोजता येत नाही. मोठ्या भट्टीतील पेय मोजता येते आणि त्यावर करही बसवता येतो. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हेतू उदात्त होता. पण आजची स्थिती पाहा. कारखान्यात तयार झालेली कडक दारू परवानाधारक दुकानांत राजरोस मिळते आणि राज्याच्या महसुलाचा तो मोठा आधार आहे. मात्र घरी बिअर करणे हा गुन्हा, स्वतःच्या वाडीतील ताडाची ताडी विनापरवाना काढणे हाही गुन्हा. निरुपद्रवी नीरेलासुद्धा परवाना लागतो. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा द्राक्ष बागायतदारांच्या हिताचा दाखला देण्यात आला. द्राक्षाचा शेतकरी तेवढा शेतकरी आणि ताडावर जीव धोक्यात घालून चढणारा कोणीच नाही?

या धोरणाची फळे विषारी आहेत. अस्सल ताडी दुर्मीळ झाली की पाण्यात साखर, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन कालवून बनावट ताडी विकली जाते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक गरिबांचे बळी घेतले. स्वच्छ, सौम्य पेय महाग वा अप्राप्य झाले की गरीब माणूस पाणी पीत नाही; तो जे स्वस्त मिळेल ते पितो.

दुसरे कारण आपल्या मनात आहे, आणि ते अधिक बोचरे आहे. आपल्या समाजात ताडी हे हलक्या माणसाचे पेय ठरले. लग्नाच्या मांडवात परदेशी व्हिस्कीच्या बाटल्या मांडणे ही प्रतिष्ठा, आणि त्याच मांडवात नीरेचा हंडा ठेवणे हा कंजूषपणा! हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस म्हणजे झिंगलेला माणूस असे चित्र रंगवले म्हणून आपण चिडतो, ते योग्यच. पण त्या चित्राला उत्तर महागड्या बाटलीने मिळत नाही. इकडे ताड तोडून तिथे इमारती उभ्या राहतात. नवा ताड कोणी लावत नाही, कारण तो हाताशी यायला बारा-पंधरा वर्षे लागतात. झाडावर चढणाऱ्या भंडारी बांधवांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. त्यांना दोष कोण देईल?

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष दारूने बरबाद झाला, त्या घरातील माउली म्हणेल, "तुम्हाला चवींची चर्चा सुचते, आमची चूल विझली त्याचे काय?" तिच्यापुढे आमचे सारे युक्तिवाद नम्र होतात. ताडीही मद्यच आहे, अतिरेकाने यकृत तीही नासवते. मद्याचे कोणतेच प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या घरात व्यसन शिरले आहे, तिथे ना बिअर असावी ना ताडी. तिथे नीरा, कोकम आणि कैरीचे पन्हे हीच उन्हाळ्याची पेये. मात्र इतरांसाठी मर्यादेचा मार्ग खुला आहे. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या नियमावलीत मठवासीयाला रोजच्या द्राक्षरसाचे ठराविक माप आखून दिले. दुर्बलांचा विचार करून दिले, आणि वर्ज्य करू शकणाऱ्याची प्रशंसाही केली. सौम्य, ताजे, साठवता न येणारे पेय मर्यादेला साहाय्य करते. कपाटात वर्षभर टिकणारी कडक बाटली अतिरेकाला आमंत्रण देते.

म्हणून आमचे म्हणणे असे. तरुणांनी आजचा कायदा मोडू नये. तो बदलावा यासाठी उघडपणे बोलावे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, बिअर घरच्या वापरासाठी करमुक्त करू दिली. विक्रीला मात्र मनाई ठेवली. अशी मर्यादित मुभा आपल्याकडेही मागता येईल. केरळात ताडी कामगारांसाठी १९६९ पासून कल्याण निधीचा कायदा आहे. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला, २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने नीरा व ताडगुळासाठी दोनशे कारागिरांना साधने दिली. डहाणूला जे झाले ते वसईत का होऊ नये? सहकारी संस्थेमार्फत परवाने, रोजची भेसळ तपासणी आणि झाडावर चढणाऱ्याचा विमा या तीन मागण्या आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

आणि जे सरकारवर अवलंबून नाही, ते आपण यंदाच करावे. पावसाच्या तोंडावर प्रत्येक वाडीने बांधावर एक तरी ताड लावावा. लग्नसराईत परवानाधारक केंद्रावरून नीरा आणून पाहुण्यांपुढे अभिमानाने ठेवावी. पिल्सनर की सैझाँ हा वाद त्यानंतरही खुशाल चालू राहो. त्यात एक नाव आपल्या मातीचेही असावे, एवढाच आमचा आग्रह आहे.