एक तिकीट, दोन राजधान्या

आपल्याकडे लोक युरोप बघत नाहीत, युरोप ‘करतात’. जसं चारधाम केलं, अष्टविनायक केले, तसं युरोप केलं. प्रत्येक सोसायटीत असे एक काका-काकू असतातच. बारा दिवस, आठ देश, बसच्या खिडकीतून आयफेल टॉवर आणि रात्री बफेला न चुकता जिरा राइस. त्यांची मजा त्यांना लखलाभ! पण तुमच्याआमच्यासारख्या, एचआरच्या पोर्टलवर शिल्लक सुट्ट्यांचा आकडा बघून सुस्कारा टाकणाऱ्या पब्लिकला हा फंडा परवडणारा नाही. आठ देश केले की घरी आल्यावर फोटोतलं चर्च प्रागचं की म्युनिकचं, यावरून वाद होतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ऑफिसातली एक मुलगी. वय एकोणतीस, प्रोजेक्ट लीड. दोन वर्षांपूर्वी तिच्या कॉलेज गँगने ‘युरोप पक्का’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. सहा जण होते. मग एकाचं लग्न ठरलं, दुसरीने फ्लॅट बुक केला, तिसऱ्याला रजाच मिळेना. आता त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगचे सूर्य उगवतात. गेल्या महिन्यात तिने जाहीर केलं, ‘मी एकटी जाते.’ ऑफिसात टाळ्या पडल्या. घरी मात्र आई म्हणाली, ‘एकटीच? बरोबर कोणीच नाही? अगं, लग्न झाल्यावर जाशीलच की नवऱ्याबरोबर!’

आता या नवऱ्याचा अजून पत्ता नाही. त्याला युरोप आवडेल की गाडीचे ईएमआय, हेही माहीत नाही. त्याच्या भरवशावर पासपोर्ट कपाटात ठेवायचा का? तिने नाही म्हटलं, आणि मीही तिच्या बाजूने. पण नुसती बाजू घेऊन काय उपयोग? मग कँटीनमध्ये बसून आम्ही दोघींनी प्लॅनच केला.

पहिला निर्णय : दोनच शहरं. तिच्या यादीत आधी पाच होती. तीन खोडताना तिचा चेहरा बघवत नव्हता. पण एकटीने प्रवास करताना बॅग तूच उचलणार, प्लॅटफॉर्म तूच शोधणार, नवीन हॉटेलचा रस्ता तूच चुकणार. दर शहरबदलाला अर्धा दिवस जातो. दोन शहरं म्हणजे एकच बदल. हिशेब साधा आहे, बॉस.

उरली व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. ही जोडी उगाच नाही. १८६७ ते १९१८ या काळात ऑस्ट्रिया-हंगेरी हे एकच साम्राज्य होतं. एक सम्राट, पण दोन राजधान्या, दोन संसदा. (आपल्या मुंबई-नागपूरची आठवण आली ना? फक्त इथे नागपूरकरांचा मान जरा जास्त होता.) त्यामुळे पहिल्या शहरात जी गोष्ट सुरू होते, ती दुसऱ्यात पुढे चालते. व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यात ज्या सम्राज्ञी एलिझाबेथचे, म्हणजे ‘सिसी’चे, महाल बघाल, तिलाच १८६७ मध्ये बुडात हंगेरीची राणी म्हणून मुकुट घातला गेला. दोन्ही शहरांतून डॅन्यूब वाहते. आणि दोन्हींच्या मध्ये थेट ट्रेन आहे, साधारण दोन तास चाळीस मिनिटांची. मुंबई-पुणेच समजा.

दुसरा निर्णय : क्रम. आधी व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, आणि परतीचं विमान बुडापेस्टहूनच. गेलो तिथूनच परत यायचं हा नियम कोणी केलाय? वेबसाइटवर ‘मल्टी सिटी’ असा पर्याय असतो तो दाबायचा. भाडं कित्येकदा जवळपास तेवढंच पडतं आणि उलटा प्रवास वाचतो. शिवाय बुडापेस्ट व्हिएन्नापेक्षा चांगलंच स्वस्त आहे. खिसा हलका झाल्यावर स्वस्त शहर आलेलं बरं.

सुट्टीचं गणित तर मला फारच आवडलं. शुक्रवारी रात्री उड्डाण. शनिवार ते मंगळवार, चार रात्री व्हिएन्ना. बुधवारी सकाळी ट्रेन, मग तीन रात्री बुडापेस्ट. शनिवारी परतीचं विमान, रविवारी घरी. रजा फक्त पाच दिवसांची! सोमवारी ऑफिसात डोळे लाल असतील, पण ते तसेही असतातच.

आता व्हिसा. ही पायरी सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. (हंगेरी त्यात २००७ च्या डिसेंबरमध्ये आलं.) अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखे असतील, तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे. आपण व्हिएन्नात चार रात्री आणि बुडापेस्टला तीन ठेवल्यात, म्हणजे ऑस्ट्रिया. वादच नाही. असं स्पष्ट उत्तर निघेल अशाच रात्री वाटून घ्या.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. निकाल यायला साधारण पंधरा दिवस लागतात, काही केसेसमध्ये पंचेचाळीसही. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे विरारची लोकल पकडणं. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको.

बाकी कागद म्हणजे सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, हॉटेल बुकिंग आणि कंपनीचं रजा मंजूर असल्याचं पत्र. एकट्या अर्जदाराने या शेवटच्या पत्राला आणि कव्हर लेटरला जास्त जपावं. समोरच्याला एकच गोष्ट पटायला हवी, की तुम्ही परत येणार आहात. ‘मला युरोपियन संस्कृतीची लहानपणापासून ओढ आहे’ वगैरे निबंध नकोत. कोणत्या तारखेला कुठे, खर्च कोण करणार, कामावर कधी रुजू होणार, एवढं एका पानात लिहा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं काहीही बुक करू नका. हॉटेल स्वस्त दिसलं तरी नाही!

एक नवी गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे विमानतळावर रांगेचा वेळ धरूनच चाला. व्हिएन्ना-बुडापेस्ट ट्रेनमध्ये एरवी सीमा कधी गेली कळतही नाही. पण अधूनमधून तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. ट्रेनचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, आणि सीटचं रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागतं. ते घ्याच.

व्हिएन्नात पहिला धक्का रविवारचा. दुकानं बंद! मॉल, सुपरमार्केट, बहुतेक सगळं. म्हणून पाण्याची बाटली, बिस्किटं शनिवारीच. खरं तर पाणी विकत घ्यायचीही गरज नाही. शहराला थेट आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. नळाखाली बाटली धरा आणि प्या. रविवार मस्तपैकी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला द्या. ब्रॉयगेलची चित्रं जगात इतकी एकत्र दुसरीकडे कुठेच नाहीत. हे म्युझियम एरवी सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी शोनब्रुन. खोल्या १४४१, पण लोकांना त्यातल्या मोजक्याच दाखवतात, हे आपल्या पायांवर उपकारच. क्लिम्टचं ‘किस’ बेल्वेडेअरमध्ये आहे. तिथे वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या आणि सकाळी पहिल्या तासात जा. नंतर चित्र दिसत नाही, मोबाइल दिसतात.

मेट्रोत आपल्यासारखी गेट्स नाहीत. कोणी अडवत नाही. म्हणून कोणी बघत नाही असं समजू नका. साध्या वेशातला तपासनीस भेटला, तर शंभर युरोंच्या वर भुर्दंड बसतो.

आता खरा प्रश्न. तिनेच विचारला, तोही हळू आवाजात. ‘दिवस जातील गं, पण संध्याकाळी काय करायचं? एकटीने टेबलावर बसून जेवायचं?’ आईच्या ‘एकटीच?’पेक्षा हा प्रश्न जास्त खरा होता. आपण एकटं जेवतो ते डब्यातून, स्क्रीनसमोर. चारचौघांत एकटं जेवायची आपल्याला सवय नाही.

व्हिएन्ना पहिलं ठेवण्याचं माझं छुपं कारण हेच. तिथली कॉफी हाऊसं एकट्या माणसासाठीच बांधल्यासारखी आहेत. कॅफे स्पेर्ल घ्या, १८८० पासूनचं. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं, एका मेलांजबरोबर चांदीच्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास, आणि तुम्ही मागितल्याशिवाय बिल येणार नाही. दोन तास बसा, कोणी ‘और कुछ मॅडम?’ करत डोक्यावर उभं राहत नाही. मी स्वतः तिथे एका संध्याकाळी पाच पोस्टकार्डं लिहिली. आजूबाजूची अर्धी टेबलं एकेकट्यांचीच होती. दुसरी संध्याकाळ स्टेट ऑपेराची. उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी मिळतात. जागा धरायला लोक कठड्याला स्कार्फ बांधतात! लोकलच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागणार नाही. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो.

बुडापेस्टला पोचल्यावर शून्यांनी घाबरू नका. फोरिंटमध्ये साधं जेवणही हजारांत जातं. कार्ड मशीनने ‘युरोत घेऊ की फोरिंटमध्ये?’ विचारलं, तर डोळे मिटून फोरिंट म्हणा. नाहीतर मशीन आपल्या मर्जीचा, म्हणजे वाईट, रेट लावतं.

शहर एक वाटलं तरी मुळात तीन. बुडा, ओबुडा आणि पेस्ट १८७३ मध्ये एकत्र आली. पेस्टच्या काठाने दोन नंबरची ट्राम पकडा, संसदेची ती अजस्र इमारत समोर येते. आतली टूर आधीच ऑनलाइन बुक करा. तिथून नदीकाठाने थोडं चाललं, की दगडी काठावर लोखंडी बूट दिसतात. स्त्रियांचे, पुरुषांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्या ज्यूंना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या, त्यांची ही आठवण, २००५ मध्ये उभारलेली. इथे सेल्फी नको, प्लीज. डोहान रस्त्यावरचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं, म्हणून ते गुरुवारी.

शुक्रवारी सेचेनीचे गरम पाण्याचे हौद. यलो लाइनने जा. ही मेट्रो १८९६ ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. स्विमसूट आणि रबरी चपला घरूनच न्या, पोहण्याच्या मोठ्या हौदात टोपीही लागते. हे स्नानगृह उघडलं १९१३ मध्ये. त्याच वर्षी याच शहरात, हंगेरियन आईच्या पोटी, अमृता शेरगिल जन्मली. व्हेज मंडळींसाठी लांगोश : तळलेला भटुराच, वर आंबट साय आणि चीज.

तिची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे. आई अजून पूर्ण पाघळलेली नाही, पण परवा तिने विचारलं म्हणे, ‘तिथे थंडी किती असते?’ हे चांगलं लक्षण आहे. खाऊची यादीही सुरू झालीय : भाजणी, मेतकूट, चिवडा, पेढे, घरचं तूप. यातले पेढे आणि तूप मात्र काढायला लावा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत, कस्टमवाले सरळ डब्यासकट फेकून देतात. चिवडा खुशाल न्या.